पाहून शिकलेली मुलगी



मारामारीचा चित्रपट हा माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरानें बोलण्याचा विषय नव्हे, हें मी आधींच कबूल करतों. सबंध हयातींत मीं पाहिलेले चित्रपट दोन्ही हातांच्या बोटांवर मोजतां येतील, आणि त्यांतले निम्मे मुलांना रांगेनें नेऊन दाखविलेले. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा नातू घरीं आला असतां त्यानें एक थायी चित्रपट मला आग्रहानें पाहावयास लावला. "आजोबा, यांत एक मुलगी आहे, ती सगळ्यांना लोळवते," एवढीच त्याची शिफारस. मी वर्तमानपत्र हातांत धरूनच बसलों होतों. थोड्या वेळानें तें गळून खालीं पडलें, आणि चित्रपट संपल्यावर मी जो अस्वस्थ झालों तो अद्याप पुरता सांवरलों नाहीं. त्या अस्वस्थतेचें कारण मारामारी नव्हे. तें पुढें सांगेन. आधीं चित्रपट सांगतों.

त्याचें नांव 'चॉकलेट'. थायलंडांत तो २००८ सालच्या फेब्रुवारींत प्रथम झळकला. दिग्दर्शक प्रच्या पिंकॅव. आणि मारामारीच्या प्रसंगांची आंखणी पन्ना रित्तिक्राय या गृहस्थांची, जे २०१४ सालीं निवर्तले. या दोघांनींच २००३ सालीं 'ओंग बाक' हा चित्रपट काढून टोनी जा या तरुणाला जगापुढें आणलें होतें. तारेला टांगून नटाला हवेंत उडवावयाचें, किंवा पडण्याची वेळ आली कीं त्याच्या जागीं दुसऱ्या कोणाला पुढें ढकलावयाचें, या सोयींचा या मंडळींना तिटकारा. पडावयाचें तर खरोखर पडावयाचें, हा त्यांचा खाक्या. तो कितपत शहाणपणाचा, याविषयीं मला शंका आहे.

'चॉकलेट'ची नायिका यानिन विस्मितानंद. तिचा जन्म १९८४ सालीं बँकॉक येथें झाला. वयाच्या अकराव्या वर्षापासून तिनें तायक्वांदो या कोरियन विद्येची मेहनत केली होती. पन्ना रित्तिक्राय यांच्या दुसऱ्या एका चित्रपटासाठीं परीक्षा द्यावयास ती आली असतां पिंकॅव यांच्या नजरेस पडली. आणि मग तिला त्या चित्रपटांत एखादें लहानसें काम न देतां तिच्यासाठींच ही निराळी कथा रचण्यांत आली. तयारी आणि चित्रण यांत कैक वर्षें गेलीं. तिचें घरगुती नांव 'जीजा'. हें ऐकतांच कोणाही मराठी माणसाचे कान टवकारतील. पण तें केवळ नामसाम्य आहे, त्यावर इतिहास रचूं नये.

बाकीच्या नांवांचें मात्र तसें नाहीं. थायी भाषेनें फार पूर्वीं संस्कृत व पाली शब्द उदारपणें घेतले आणि आपल्या जिभेला रुचतील असे घासून घेतले. दिग्दर्शकाचें 'प्रच्या' म्हणजे आपली 'प्रज्ञा'. यानिन या नांवांत 'ज्ञान' दडलेलें आहे, आणि 'विस्मित' तर उघडच दिसतें. थायी मुष्टियुद्धाला 'मुए थाय' म्हणतात. दोन मुठी, दोन कोपरें, दोन गुडघे आणि दोन नडग्या अशीं आठ आयुधें त्यांत चालतात. लढतीपूर्वीं मल्ल जें वंदन करतो त्याला 'वाय ख्रू' म्हणतात. त्यांतला 'ख्रू' म्हणजे 'गुरु'. डोक्याला तो जें कडें घालतो त्याचें नांव 'मोंगखोन', म्हणजे 'मंगल'. या चित्रपटांतील मुलीचें नांव आहे झेन. हा शब्द जपानी. तो चिनी 'चान'वरून आला, आणि 'चान' आपल्या 'ध्यान'वरून. हें मीं शब्दांच्या हौसेनें सांगितलें असें वाटेल. पण या एका शब्दाकडे मला पुन्हां यावें लागणार आहे.

कथा अशी. झिन ही गुंडांच्या टोळींत वावरणारी बाई. हें काम अम्मारा सिरिपोंग हिनें केलें आहे. टोळीचा म्होरक्या सर्वत्र 'आठ नंबर' म्हणूनच ओळखला जातो. झिनचें मन मासाशी नांवाच्या एका जपानी गुंडावर बसतें. हें काम हिरोशी आबे या प्रसिद्ध जपानी नटाचें. म्होरक्याला तें खपत नाहीं. तो दोघांची ताटातूट करतो, मासाशी जपानला परततो, आणि मागें झिनला मुलगी होते. तीच झेन. आई जुना धंदा टाकून आडबाजूला घर करते. एकदां न राहवून ती मासाशीला पत्र धाडते. त्याचा सुगावा लागतांच म्होरक्या येऊन तिच्या पायाचें एक बोट तोडून जातो. रस्त्यावरच्या मूम नांवाच्या एका अनाथ, गुबगुबीत पोराला ती घरांत घेते. तिघांचा संसार चालतो. पुढें झिनला कर्करोग होतो, औषधाला पैसा नाहीं. तेव्हां मूमला तिची एक जुनी वही सांपडते. पूर्वीं कोणाकोणाला पैसे दिले आणि कोणाकडून यावयाचे, त्याची त्या वहींत टिपणें आहेत. दोघें पोरें वसुलीला निघतात. पैसे कोणीच सुखासुखीं देत नाहीं, आणि मग जें होतें त्यासाठींच लोक तिकीट काढतात. शेवट काय होतो तें मी सांगणार नाहीं. नातवाची तशी सक्त ताकीद आहे.

झेन ही स्वमग्न मुलगी आहे. ती डोळ्याला डोळा देत नाहीं. बोलते क्वचित्, आणि बोलली तर तोच शब्द पुन्हां पुन्हां. चॉकलेटच्या रंगीत गोळ्या तिला जीव कीं प्राण. माशी दिसली किंवा कानाशीं गुणगुणली कीं तिचा जीव कासावीस होतो. त्यांच्या घराला लागूनच मुए थायची तालीम आहे. पोरें ओळीनें लाथा मारीत असतात, उस्ताद ओरडत असतो, आणि ही पोर पाहत बसते. तासन्‌तास पाहते. घरांत असेल तेव्हां ब्रूस ली आणि टोनी जा यांचे चित्रपट पाहते. तिला कोणी शिकवीत नाहीं, ती कोणाला विचारीत नाहीं, आणि एके दिवशीं तिच्या हातापायांत ती विद्या उतरलेली असते. कोणत्याही बाजूनें फेंकलेली वस्तु ती न पाहतां झेलते. मूम या गुणाचा रस्त्यावर खेळ मांडून चार पैसे मिळवितो.

आपल्याकडील कोणालाही येथें एकलव्याची आठवण व्हावी. पण एकलव्यानें निदान मातीचा द्रोण पुढें ठेवला होता. या पोरीला आपण शिकत आहोंत याचीही जाणीव नसावी. आणि येथें बोट तुटतें तें शिष्येचें नव्हे, आईचें. तेंही विद्येपायीं नव्हे, एका पत्रापायीं.

तालमीबाहेर बसून पाहणारी मुलगी हें चित्र थायलंडांत आणखी एका कारणानें बोचणारें आहे. चित्रपट त्याविषयीं एक अक्षर काढीत नाहीं, पण तिथल्या प्रेक्षकांना तें ठाऊक असणारच. बँकॉकचा लुम्पिनी हा आखाडा १९५६ सालीं उघडला. तेथें स्त्रीनें लढणें तर दूरच राहिलें, तिनें आखाड्याला स्पर्शही करूं नये असा दंडक होता. तिच्या स्पर्शानें तेथील मंत्रबळ नष्ट होतें अशी समजूत. इतरत्र बायका लढत होत्याच. पण जेथें पुरुष वरच्या दोरावरून आखाड्यांत उतरत तेथेंच त्यांना खालच्या दोराखालून वांकून शिरावें लागे. लुम्पिनींत स्त्रियांची पहिली लढत २०२१ च्या नोव्हेंबरांत झाली, म्हणजे 'चॉकलेट' निघाल्यावर तेरा वर्षांनीं. पडद्यावर लढणाऱ्या स्त्रीला टाळ्या देणें आणि आखाड्यांत तिला पाय ठेवूं देणें या अगदीं भिन्न गोष्टी आहेत. मुंबईकरांना यांत नवल वाटूं नये. १९३५ सालीं 'हंटरवाली' चित्रपटांतल्या नाडियाला डोक्यावर घेणाऱ्या प्रेक्षकांपैकीं कितींनीं आपल्या लेकींना तालमींत धाडलें असेल? मात्र नाडिया धिप्पाड होती, हंसतमुख होती, चाबूक कडाडीत समोर येत होती. झेन एक काडीसारखी पोर आहे, आणि ती समोरच्या माणसाकडे पाहतसुद्धां नाहीं.

पहिली मोठी मारामारी बर्फाच्या कारखान्यांत होते. जाणत्या प्रेक्षकाला त्यांतली खूण ताबडतोब कळते: ब्रूस लीचा १९७१ सालचा 'द बिग बॉस' थायलंडांतच चित्रित झाला होता, आणि त्यांतला नायक बर्फाच्याच कारखान्यांत कामाला होता. झेन त्याच्याचसारखा चीत्कार करते, त्याच्याचसारखा पवित्रा घेते; कारण लढणें म्हणजे काय हें तिनें जेथें पाहिलें तेथें तें तसेंच होतें. हा प्रसंग मला फार आवडला. शिकणाऱ्या मुलाच्या अंगीं प्रथम गुरूची लकबच येते. वर्गांत माझ्यासारखें खांकरणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. त्यानंतर मिठाईच्या गोदामांतली मारामारी, आणि मग मांसाच्या बाजारांतली. तेथें माशा आहेत. दहा धटिंगणांना न डगमगणारी ती पोर एवढ्याशा माशांपुढें हतबल होते, अंग चोरते. माझ्या नातवाला त्या प्रसंगीं हंसूं आलें. मला आलें नाहीं, आणि तें कां, हें आतां सांगतों.

ही गोष्ट १९८७ सालची. तालुक्याच्या एका गांवीं मी दुसरीच्या वर्गावर होतों. वर्गांत एक मुलगा आला. हजेरी घेतांना मी त्याचें नांव पुकारीं, आणि तो कधीं 'हजर' म्हणत नसे. तीनतीनदां पुकारीं. तो खिडकीशीं बसून कौलांच्या पन्हळींतून गळणारें पाणी पाहत असे. पावसाळा संपल्यावर नुसतीं कौलें पाहत असे. पाटीवर अक्षर काढीत नसे, पाटी बोटावर फिरवीत असे. आणि शाळेची घंटा वाजली कीं दोन्ही हातांनीं कान घट्ट दाबून बाकाखालीं शिरत असे. मला तो हट्ट वाटला. मी त्याला बाकावर उभें केलें, पट्टीनें मारलें, आणि एकदां, हें सांगावयास जीभ रेटत नाहीं, त्याची भीति मोडावी म्हणून त्याला हाताला धरून घंटेखालीं उभें करून शिपायाला घंटा द्यावयास सांगितलें. त्याच्या त्या ओरडण्यानें सबंध शाळा बाहेर आली. मीं वर्गाकडे वळून म्हटलें, "काय हें ध्यान!" आणि पोरें हंसलीं.

दुसऱ्या दिवशीं त्याची आई दाराशीं येऊन उभी राहिली. मी तिला समजुतीच्या स्वरांत सांगितलें कीं, बाई, याच्यानें कांहीं व्हावयाचें नाहीं, याला घरींच ठेवा. तिनें मान हलविली, त्याचें दप्तर उचललें आणि ती गेली. तो पुन्हां शाळेंत आला नाहीं. मीं हजेरीपटांत नांवापुढें रेघ ओढली.

'स्वमग्नता' हा शब्द मला तेव्हां ठाऊक नव्हता. ठाऊक असणाऱ्यांची संख्याही आपल्याकडे त्या काळीं थोडीच असावी. पण विद्येच्या जगांत ही गोष्ट नवी नव्हती: अमेरिकेंत लिओ कॅनर या वैद्यानें १९४३ सालींच अशा अकरा मुलांचीं वर्णनें छापलीं होतीं, आणि तीं वाचतांना माझ्या वर्गांतला तोच मुलगा पुढें उभा राहतो. आपल्या देशांत १९९५ सालीं अपंगांसाठीं जो कायदा झाला त्यांत या मुलांचें नांवही नव्हतें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत तें आलें, आणि २०१६ च्या कायद्यानें त्यांना दिव्यांगांच्या यादींत स्थान दिलें. घंटेचा आवाज जो आपल्याला नुसता ऐकूं येतो, तो अशा कांहीं मुलांना अक्षरशः दुखतो, हें मला निवृत्तीनंतर एका पुस्तिकेंत वाचावयास मिळालें. झेनची माशी पाहिली आणि मला तें नुसतें कळलेलें दिसूं लागलें.

येथें चित्रपटाशीं माझा मतभेद आहे, आणि तो बोलून दाखविला पाहिजे. १९८८ सालच्या 'रेन मॅन' या अमेरिकन चित्रपटापासून एक समजूत रूढ झाली आहे, कीं असें मूल म्हणजे वरून मुकें आणि आंतून चमत्कार. कोणी क्षणांत आंकडे मोजणार, कोणी एकदां ऐकलेलें गाणें तसेंच्या तसें वाजविणार, आणि आतां ही झेन, पाहिलेला डाव हुबेहूब करणार. अशीं मुलें असतात हें खरें. पण तीं थोडीं. बहुतेकांच्या अंगीं असें कांहीं नसतें. त्यांना बटण लावावयास शिकतांना वर्षें जातात, त्यांच्या आया रात्ररात्र जागतात, आणि त्यांच्यावर कोणी चित्रपट काढीत नाहीं. 'चॉकलेट' पाहून घरीं परतलेला प्रेक्षक शेजारच्या अशा मुलाकडे पाहून मनांत म्हणेल, "याच्यांत काय विशेष आहे बरें?" आणि कांहीं आढळलें नाहीं तर? माझ्या त्या विद्यार्थ्याच्या अंगीं एखादा अद्भुत गुण होता काय, असें नातवानें मला विचारलें. प्रश्न निरागस होता. पण मला तो आवडला नाहीं. गुण असता तर माझी चूक मोठी, नसता तर लहान, असा हिशेब त्याच्या तळाशीं आहे. आणि तो हिशेब मीच आयुष्यभर मुलांना शिकवीत आलों.

न्यायाची गोष्ट ही कीं, खुद्द चित्रपटांतली आई तो हिशेब करीत नाहीं. मूल वेगळें आहे हें तिला कळतें तेव्हां झेनच्या अंगीं कसलीही विद्या नसते. ती तेव्हांही तिला तशीच जवळ करते. आणि पोरें मारामाऱ्या करून पैसे आणतात हें समजतें तेव्हां तिला त्याचा आनंद होत नाहीं, भीति वाटते. मारामाऱ्यांच्या गर्दींत ही बाजू चटकन् निसटते. माझ्या मतें या चित्रपटांत पाहण्यासारखें जें आहे तें या बाईच्या चेहऱ्यावर आहे. शेवटाकडे इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर, अरुंद कठड्यांवरून आणि पाट्यांवरून जी लढाई चालते, मजल्यामजल्यांवरून माणसें खालीं कोसळतात, ती छाती दडपविणारी आहे खरी. पण ती मीं अर्धवट डोळे मिटून पाहिली.

चित्रपट संपल्यावर नांवें सरकूं लागतात आणि त्यांसोबत चित्रणाच्या वेळचे अपघात दाखवितात. उंचावरून पडलेलीं माणसें, मानेला पट्टे, इस्पितळांत न्यावयाचीं माणसें, आणि तोंडावर मार लागलेली खुद्द नायिका. निर्मात्यांना त्याचा अभिमान वाटतो, हें दिसतेंच. मला तो समजत नाहीं. यानिनची मेहनत, तिचा तोल, चेहऱ्यावर कसलाही भाव न आणतां तो भाव पोंचविण्याचें तिचें कसब, हें सर्व त्या रक्तावांचूनही मला पटलें होतें. या चित्रपटामागून तिनें आणखी चित्रपट केले. पण नातवाच्या मतें त्यांतला एकही याच्या जवळ जात नाहीं. या विषयांत तोच अधिकारी.

त्या रात्रीं नातवानें आणखी एक प्रश्न विचारला. "आजोबा, मग तो मुलगा आतां कुठें आहे?" मला सांगतां आलें नाहीं. दोन दिवसांनीं मीं त्या गांवच्या एका जुन्या सहकाऱ्याला दूरध्वनि केला. त्यांनीं चौकशी करून कळविलें. आई वारली. तो थोरल्या भावाकडे असतो. गुरांना पाणी दाखवितो, गोठा झाडतो. बोलत नाहीं फारसा. एस्‌टीचा कर्णा वाजला कीं अजून कान दाबतो. घरचीं माणसें त्याला सांभाळून आहेत. त्याच्या भावजयीनें गोठ्यांतल्या गाईच्या गळ्यांतली घांट काढून ठेवली आहे.

सहकारी म्हणाले, "मास्तर, तुम्हांला ओळखणार नाहीं तो." मीं म्हटलें, ओळखलें तर अधिकच कठीण. तरी जाणार आहें, नातवाला घेऊन, या महिन्याच्या अखेरीस. एस्‌टीनें न जातां शेवटचा मैलभर पायीं जावें असा विचार आहे. काय बोलावयाचें तें अजून ठरलेलें नाहीं.